कॉन्सर्टसाठी इअरप्लग: फोम, फिल्टरवाले आणि मापाचे

दोन वर्षांपूर्वी एका कॉन्सर्टला मी स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभी होते. घरी आले तेव्हा दोन्ही कानांना दडे बसले होते आणि आत एक बारीक, न थांबणारी 'कुंई' सुरू होती. दिवसा ती गडबडीत दबून जायची, रात्री खोली शांत झाली की पुन्हा वर यायची. तिसऱ्या दिवशी ती विरली. पण आता ही जन्मभर राहणार, असं वाटून काढलेल्या त्या दोन रात्री मी विसरलेले नाही. त्यानंतर इअरप्लगशिवाय एकही कार्यक्रम ऐकलेला नाही. तीन प्रकार हाताळून झालेत, म्हणून लिहिते आहे.

आधी थोडा हिशेब. कामाच्या जागची सुरक्षितता आणि आरोग्य पाहणाऱ्या अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ऐकलेला चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं, आणि कॉन्सर्टमध्ये शंभरी सहज गाठली जाते. म्हणजे तीन-चार गाण्यांत दिवसाचा वाटा संपला! आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

पहिला प्रकार फोमचा. पाकिटावर एनआरआर (प्लग आवाज किती डेसिबलने कमी करतो, त्याचा आकडा) म्हणून २९ ते ३३ असं छापलेलं असतं, पण ते प्रयोगशाळेतलं. प्रत्यक्षात फोमसाठी हा आकडा निम्माच धरावा, असं नायॉशच सांगते. त्यातही बसवण्यात चूक झाली तर तेवढंही मिळत नाही. मी कित्येक दिवस फोम नुसताच कानाच्या तोंडाशी कोंबत होते. खरी पद्धत अशी: बोटांत वळून वळून त्याची बारीक, सुरकुती नसलेली वात करायची. मग दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाची पाळी वरून धरायची आणि वर-मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते. वात आत सरकवली की बोट तसंच टेकवून तीस सेकंद थांबायचं. फोम हळूहळू फुगतो आणि बाहेरचा गलका लांब जातो.

फोमचं दुखणं वेगळंच आहे. तो वरच्या पट्टीतले आवाज जास्त खातो आणि बेस त्यामानाने कमी. झांजा नाहीशा होतात, गायिका बंद दाराआड गातेय असं वाटतं. मग आवडीचं गाणं लागलं की हात आपोआप कानाकडे जातो. मीही प्लग काढायचे, एका गाण्यापुरता. पुढे गणित मांडून पाहिलं आणि धसकाच घेतला. तासातली सहाच मिनिटं प्लग बाहेर राहिला, तरी त्या तासाचं सरासरी संरक्षण १० डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो. तेव्हापासून मी आकडा दुय्यम मानते. पूर्ण कार्यक्रमभर काढावासा न वाटणारा प्लग शोधते.

तो मला दुसऱ्या प्रकारात सापडला. सिलिकॉनच्या तीन कडा आणि मधल्या दांड्यात बारीकसा फिल्टर. उघड्या कानाची नळी २,७०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मुळातच वाढवत असते. साध्या प्लगने ती बंद झाली की ही वाढ जाते आणि सगळं मंद वाटतं. फिल्टर ती कसर भरून काढतो, त्यामुळे सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या उतरतात. माझ्याकडे एटिमोटिक कंपनीचा ईआर२०एक्सएस हा प्लग आहे. त्याचा एनआरआर फक्त १३ पाहून मी आधी नाक मुरडलं होतं. पण पहिल्याच कार्यक्रमात हाय-हॅटची (ड्रमसोबतच्या झांजांच्या जोडीची) टिकटिक स्वच्छ ऐकू आली. गाणं तेच, फक्त कोणीतरी आवाजाचं बटण खाली आणलेलं.

यात माप जपावं लागतं. माझा डावा कान अरुंद आहे, त्यामुळे दोन कानांत दोन मापांची टोकं घालते. तपासायला मी तोंड मिटून 'म्ऽऽ' करते. दोन्हीकडे सारखं घुमलं तर ठीक. मग गाणं चालू असताना ओंजळीने कान झाकून पाहते. आवाज फार बदलला, तर प्लग नीट बसलेला नाही. काढताना हळू फिरवत काढा, झटका देऊ नका.

तिसरा प्रकार ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, कानाचा साचा घेऊन बनवलेला. हा दादाचा, तो ड्रम वाजवतो. ९, १५, २५ डेसिबलचे फिल्टर बदलता येतात आणि तासन्‌तास टोचत नाही. रोज आवाजात काम करणाऱ्यांनी हाच घ्यावा. अधूनमधून ऐकायला जाणाऱ्यांना दुसरा प्रकार पुरतो. अगदी स्पीकरसमोर उभं राहायचं असेल तर मात्र फोमच. कापसाच्या बोळ्यांवर भरवसा ठेवू नका, ते जवळपास काहीच अडवत नाहीत.

फोमची एक जादा जोडी मी पर्समध्ये ठेवतेच. मागच्या खेपेला शेजारची मुलगी दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती. तिला ती दिली, वात करून दाखवली, पाळी कशी ओढायची ते सांगितलं आणि तीस सेकंद तिच्याबरोबर बोटांवर मोजले.