करस्पॉन्डन्स डावात काळ्याने काय खेळावं: उंट सी५ की घोडा एफ६?

लातूरला नीटच्या क्लासला असलेल्या भाच्याने लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर तीन दिवसांना एक चाल असा करस्पॉन्डन्स डाव लावलाय. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ झालं आणि त्याचा मेसेज आला: "मामा, उंट सी५ काढू की घोडा एफ६?" समोरासमोरचा डाव असता तर डोळे झाकून उंट सांगितला असता. इथे हिशेब वेगळा, कारण ओपनिंगची पुस्तकं आणि डेटाबेस बघायची मुभा असते. बंदी आहे ती इंजिनाला, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रॅमला.

उंट सी५ म्हणजे ज्योको पियानो नावाची ओपनिंग. ४. सी३ घोडा एफ६ ५. डी३ डी६, मग कॅसलिंग. बराच वेळ दोन्हीकडून नुसती मांडामांड. क्लास सुटल्यावर घाईत चाल लावली तरी सहसा डाव हातचा जात नाही. इव्हान्स गॅम्बिट (४. बी४, प्यादं देऊन हल्ला) तेवढं वाचून ठेवावं.

घोडा एफ६ (टू नाइट्स डिफेन्स, म्हणजे दोन घोड्यांचा बचाव) केला की पांढरा ४. घोडा जी५ करून एफ७वर घोडा आणि उंट दोन्ही रोखतो. ४... डी५ ५. ई×डी५, आणि इथेच खरी मेख. सहज हात जातो तो घोड्याने डी५ मारण्याकडे, मग ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह, आणि डी५चा घोडा वाचवायला राजाला ई६वर, भर मैदानात यावं लागतं. शहाणा मार्ग ५... घोडा ए५: एक प्यादं जातं, पण सोंगट्या भराभर बाहेर पडतात.

तिसरा मार्ग ५... बी५. पाचव्या जागतिक करस्पॉन्डन्स अजिंक्यपद स्पर्धेत (१९६५-६८) हान्स बर्लिनर तो एस्ट्रिनविरुद्ध खेळला, आणि एस्ट्रिन तर याच बचावाचा जाणकार. ६. उंट एफ१ घोडा डी४ ७. सी३ घोडा×डी५ ८. घोडा ई४ वजीर एच४ ९. घोडा जी३ उंट जी४ १०. एफ३, आणि उंट-घोडा दोन्ही माऱ्यात असताना बर्लिनरने ई४ ढकललं! डाव जिंकला, स्पर्धाही.

रोज रात्री पट मांडून अर्धा तास बसणार असाल तर माझं मत घोड्याला. पुस्तक उघडं ठेवून असला बचाव खेळायची चैन दुसरीकडे कुठे मिळणार? आयसीसीएफवर (आंतरराष्ट्रीय करस्पॉन्डन्स बुद्धिबळ महासंघ) मात्र इंजिनालाही परवानगी, त्यामुळे तिथे असल्या धक्क्यांना फारसा अर्थ नाही. भाच्याला मी उंटच सांगितला, परीक्षा तोंडावर आहे. आणि घोडा काढलाच, पण पांढऱ्याने ४. डी३ केलं, तर ४... उंट सी५ करून ज्योको पियानोत येता येतंच.