चिखल्या गेल्या, नख अजून चालूच आहे: टर्बिनाफाईन क्रीम आणि नखाचं लॅकर वापरून

वर्ष उलटून गेलं या प्रकरणाला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण सुरुवातीला मी जे केलं तेच बरेच जण करत असतील.

पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, त्या बेचक्यात चिखल्या, म्हणजे बुरशीचा संसर्ग, झाल्या होत्या. कातडी पांढरी, भिजल्यासारखी, सोलली की खाली लाल आणि नुसती आग. बूट काढले की अशी खाज सुटायची की थांबायचं नावच नाही. मेडिकलमध्ये विचारून एक मलम आणलं, ३ दिवसांत खाज गायब, मला वाटलं झालं काम, लावणं बंद केलं आणि १० दिवसांत परत सुरू, ते पण आता तळव्याच्या कडेपर्यंत. असं दोन महिने चाललं. मग एकदा ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली तर त्यात क्लोबेटासॉल, म्हणजे चांगलंच कडक स्टेरॉइड, सोबत अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते पण तिथली प्रतिकारशक्तीही दबते, मग बुरशी आतल्या आत पसरत राहते आणि कडा पुसट झाल्या की डॉक्टरांनाही पटकन ओळखता येत नाही. त्या मलमाला माझ्याकडून शून्य. घरात असलं काही असेल तर आधी मागची बाजू वाचा, खरंच.

स्किनच्या डॉक्टरांनी कडेचे पापुद्रे खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितले, बुरशीचे धागे दिसले, गजकर्ण ज्या जातीच्या बुरशीने होतो तीच ही. त्या म्हणाल्या की ती बेचक्यातच दिसते असं नाही, काहींना अख्ख्या तळव्यावर कोरडे पापुद्रे येतात आणि लोक वर्षानुवर्षं टाचेच्या भेगा समजून व्हॅसलीन लावत बसतात, काहींना तळव्याच्या खोलगट भागात पाण्याचे फोड येतात.

मग १ टक्का टर्बिनाफाईन क्रीम. हे औषध बुरशी नुसती थोपवत नाही, मारतं, म्हणून बेचक्यातल्या चिखल्यांना बहुतेक वेळा एक आठवडा पुरतो, क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध लावलं तर साधारण ४ आठवडे जातात. माझं तळव्याकडे सरकलं होतं म्हणून मला २ आठवडे सांगितले. एक गोष्ट आधी माहीत असली तर बरं, यात स्टेरॉइड नाही त्यामुळे खाज लगेच जात नाही. चौथ्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की काही उपयोग नाही, सहाव्या दिवशी बेचकं कोरडं दिसलं, आणि क्रीम थांबवल्यावरही कातडी सुधारतच गेली कारण औषध कातडीत काही दिवस टिकून राहतं. चिरेत लावलं की थोडं झोंबतं, तेवढंच. पाय धुवून बोटांच्या मधली जागा एकदम कोरडी करायची, मग पातळ थर, आणि दिसतंय त्याच्या बाहेर २ सेंटीमीटरपर्यंत लावायचं. ५ पैकी साडेचार.

आता नख. अंगठ्याचं नख टोकाकडून पिवळं, जाड, खाली भुसा साचल्यासारखा. क्रीम नखाच्या आत जातच नाही, आणि नखात बुरशी राहिली की तिथून पुन्हा कातडीला लागते, म्हणून ते सोडून चालत नाही. पण जाड पिवळं नख म्हणजे बुरशीच असंही नाही हां, अशा नखांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारण वेगळं निघतं, सोरायसिस किंवा बुटात सारखं आपटणं वगैरे. म्हणून आधी तुकडा कापून तपासायला दिला, कल्चरचा, म्हणजे त्यातली बुरशी वाढवून बघायच्या टेस्टचा, रिपोर्ट यायला काही आठवडे लागले, मी थांबले. आणि नखाखाली काळी उभी रेघ नवीन आली असेल किंवा रुंद होत असेल तर बुरशी समजून बसू नका, लगेच दाखवा.

माझं नख मुळापर्यंत खराब नव्हतं म्हणून ५ टक्के अमोरोल्फाईनचं लॅकर दिलं, म्हणजे नेलपॉलिशसारखं नखावर लावायचं बुरशीचं औषध. मूळ धरलं असेल किंवा बरीच नखं असतील तर टर्बिनाफाईनच्या २५० मिलीग्रॅमच्या गोळ्या रोज १२ आठवडे देतात, त्याआधी लिव्हरची टेस्ट करतात, काहींच्या तोंडाची चव पण जाते, त्यामुळे त्या मनाने घ्यायच्या नाहीत. लॅकर आठवड्यातून एकदा, आधी नख घासायचं, स्पिरिटने पुसायचं, मग लावून ५ मिनिटं वाळू द्यायचं. घासायची कानस चांगल्या नखांना लावायची नाही. काम चोख आहे पण कंटाळवाणं, पायाचं नख महिन्याला दीडेक मिलीमीटरच वाढतं त्यामुळे अंगठ्याचं अख्खं नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, आणि आधीच खराब झालेला भाग कुठल्याच औषधाने पुन्हा स्वच्छ होत नाही, तो वाढून कापलाच जावा लागतो. साडेतीन देते, कारण बाटलीवर हे कुणी ठळक लिहीत नाही आणि लोक तिसऱ्या महिन्यात सोडून देतात.

बाबांना शुगर आहे, त्यांचे पाय मी आता दर रविवारी बघते, त्यांना एवढ्याशा चिरेतून जंतू आत जाऊन पाय सुजू शकतो. त्यांच्यासाठी मी दुकानातून परस्पर काहीच आणणार नाही, थेट डॉक्टर.

दर महिन्याच्या १ तारखेला नखाचा फोटो काढते. दहावा महिना चालू आहे, मुळाकडून दोन तृतीयांश नख गुलाबी आलंय, टोकाला पिवळी पट्टी राहिलीय, अजून एक बाटली घेतलीय.