कॅम्पर व्हॅनची गादी: खाली एचआर फोम, वर लेटेक्स, आणि सव्वाचार स्टार

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतात. व्हॅनच्या बेडसाठी आम्ही घेतलं ते असं: खाली १० सेंमीचा एचआर फोम (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबला की जोराने परत उसळणारा), डेन्सिटी ४०, त्यावर ५ सेंमीचा लेटेक्स टॉपर, म्हणजे रबरी फोमचा वरचा पातळ थर, दोन्ही मापाने कापून घेतलेले, दोन्हींना वेगवेगळी चेनवाली खोळ. झोप छान लागते, सकाळी कंबर धरत नाही, थंडीत गादी कडक होत नाही. पाचपैकी सव्वाचार. पाऊण मार्क कुठे कापले ते शेवटी सांगते.

आता सविस्तर. फोम विकणारा पहिलं काय विचारतो तर जाडी किती हवी, आणि घेणाराही तेच धरून बसतो, की सहा इंची घेतली म्हणजे चांगली आणि चार इंची म्हणजे काटकसर. मला विचाराल तर जाडीचा नंबर तिसरा. पहिला डेन्सिटीचा, म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे, आणि दुसरा हार्डनेसचा. या दोन गोष्टींची लोक हमखास गल्लत करतात, "हाय डेन्सिटी" लिहिलेलं दिसलं की कडक असेल म्हणून घाबरतात किंवा कडक असेल म्हणूनच घेतात, पण ५० डेन्सिटीचा फोम मऊ असू शकतो आणि २३ डेन्सिटीचा फोम हाताला फळीसारखा लागू शकतो. डेन्सिटी सांगते गादी किती टिकेल, खड्डा कधी पडेल. हार्डनेस सांगतो आज रात्री अंगाला कसं वाटेल.

आणि व्हॅनमध्ये टिकण्याचा प्रश्न घरापेक्षा मोठा असतो बरं का. घरच्या गादीवर आपण फक्त झोपतो, व्हॅनच्या गादीवर आपण राहतो. त्यावरच बसून जेवायचं, लॅपटॉप घेऊन टेकायचं, वरच्या कप्प्यातलं काही काढायचं तर गुडघ्यांवर रांगत जायचं, मागचं दार उघडून कडेवर बसून बूट घालायचे. सगळं वजन एका तळहाताएवढ्या जागेवर येतं, तेही रोज त्याच जागेवर. हलक्या डेन्सिटीचा फोम इथे लवकर बसतो, आधी कडेला आणि मग मध्ये. म्हणून रोजच्या किंवा लांबच्या वापराला ३५ च्या खाली जाऊ नका, ४० घेतली तर उत्तम. काही ठिकाणी डेन्सिटी पौंडात, म्हणजे एका घनफुटात किती पौंड अशी लिहिलेली असते, तिथे एक पौंड म्हणजे साधारण १६ किलो धरा, म्हणजे अडीच पौंडवाला फोम आपला ४० चा झाला.

लेबलवर विश्वास नसेल तर वजन करा, सोप्पं आहे. १९० बाय १३० सेंमी, जाडी १० सेंमी, म्हणजे ०.२४७ घनमीटर. गुणिले ४०, म्हणजे नुसता फोम खोळ न घालता १० किलोला थोडा कमी भरायला पाहिजे. आमच्याकडे पहिल्यांदा जो तुकडा आला तो साडेसात किलोच्या आत होता, म्हणजे सरळ ३० ची डेन्सिटी, पावतीवर मात्र ४०. फोन केल्यावर तिकडून "मॅडम थोडंफार इकडेतिकडे होतं" वगैरे ऐकवलं, मग वजनकाट्याचा फोटो पाठवला तेव्हा बदलून दिला. पंचवीस टक्के म्हणजे थोडंफार नव्हे. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण हे कुठेही होऊ शकतं, काटा मात्र जवळ ठेवा.

हार्डनेसचं गणित जरा किचकट आहे पण वाचून घ्या. फोमवर साधारण २० सेंमी व्यासाची गोल चकती ठेवून तो २५ टक्के दाबायला किती जोर लागतो ते मोजतात, त्या आकड्याला आयएलडी किंवा आयएफडी म्हणतात. मग तोच फोम ६५ टक्के दाबायला किती जोर लागतो तेही मोजतात आणि दुसऱ्याला पहिल्याने भागतात, तो झाला सपोर्ट फॅक्टर. खरी गंमत या दुसऱ्या आकड्यात आहे. साध्या फोममध्ये तो दोनच्या आसपास असतो, चांगल्या एचआर फोममध्ये २.४ च्या पुढे जातो. म्हणजे काय, तर एचआर फोम वर वर मऊ लागतो पण जसजसं वजन आत जातं तसतसा तो जास्त जोराने उचलून धरतो, त्यामुळे खांदा आत जायला जागा मिळते आणि कंबर मात्र लटकत नाही. साध्या फोममध्ये तुम्हाला दोन्हीपैकी एकच मिळतं. दुकानात मुठीने दाबून बघितलं तर हे काहीच कळत नाही, मुठीखाली सगळेच फोम सारखे. कुशीवर आडवं व्हा, दहापंधरा मिनिटं तसंच पडून राहा, आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा की मणका सरळ रेषेत आहे का कंबरेत वाकलाय. दुकानात असं आडवं व्हायची लाज वाटत असेल तर मग मऊ की कडक हे विचारायचंच कशाला.

माझं वजन ५८, नवऱ्याचं ८५. मी कुशीवर झोपते, तो पाठीवर. एकाच हार्डनेसमध्ये आम्ही दोघं सुखी होणं शक्यच नव्हतं, म्हणून खालचा फोम लांबीत दोन तुकडे करून घेतला, माझा मध्यम आणि त्याचा जरा कडक, आणि वर टॉपर एकसंध. फट अजिबात जाणवत नाही. कापून घेतानाच हे करायचं असतं, वेगळं काही लागत नाही, विकणारा जरा कुरकुर करतो इतकंच.

आता जाडी. व्हॅनमध्ये गादीचा प्रत्येक सेंटिमीटर कुठून तरी कापून येतो, एकतर खालच्या सामानातून नाहीतर डोक्यावरच्या जागेतून. मोठा माणूस ताठ बसला की बुडापासून डोक्यापर्यंत ९० सेंमीच्या आसपास लागतात, उंच असेल तर जास्तच, आणि छताला इन्सुलेशन आणि पॅनल लावल्यावर आतली उंची आणखी कमी झालेली असते. तेव्हा आधी हे मोजा, मग जाडी ठरवा. आठ सेंमीच्या खाली गेलात तर कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला आणि खुब्याला खालचं प्लायवुड सापडतं. १२ ते १५ मध्ये बहुतेकांचं भागतं. २० च्या वर फक्त फोटोत छान दिसतं.

मेमरी फोमबद्दल खूप जण विचारतात म्हणून जरा लांबण लावते. हा फोम १९६६ मध्ये नासाच्या एम्स सेंटरमध्ये विमानाच्या सीटसाठी तयार झाला, धक्का शोषायला, आणि त्या कामाला तो भारीच आहे. पण त्याचा सगळा स्वभाव तापमानावर अवलंबून असतो. अंगाच्या उबेने मऊ होतो म्हणूनच तर तो शरीराचा आकार घेतो. घरात खोलीचं तापमान फार हलत नाही, व्हॅनमध्ये मात्र रात्री बाहेर पाच अंश असेल आणि हीटर बंद असेल तर आतही फार फरक नसतो, मग तुम्ही पहिला अर्धा तास फळीवर झोपता, आणि ऊब धरून जिथे खड्डा झाला तिथून कूस बदलली की पुन्हा शेजारचा थंड कडक भाग. उलट दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या व्हॅनमध्ये तोच फोम इतका ढिला होतो की माणूस रुतून बसतो, आणि अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही ते वेगळंच. खांदे दुखतात म्हणून हवाच असेल तर वर दोनतीन सेंमीचा पातळ थर घ्या, त्यापेक्षा जास्त नको. पूर्ण मेमरी फोमची गादी व्हॅनमध्ये मी फुकट दिली तरी घेणार नाही. (नवऱ्याचं मत वेगळं आहे. त्याने स्वतः लिहावं.)

लेटेक्स थंडीत कडक होत नाही, दाबला की लगेच परत येतो, कूस बदलताना जोर लागत नाही. तोटा वजनाचा. आमचा पाच सेंमीचा टॉपरच साडेआठ किलोच्या पुढे आहे, म्हणजे दुप्पट जाडीच्या खालच्या फोमच्या जवळपास. अख्खी लेटेक्सची गादी घेतली असती तर सकाळी ती उचलून खालचा कप्पा उघडणं हे एकट्याचं काम राहिलं नसतं. आणि लेटेक्सला थेट ऊन चालत नाही, ठिसूळ होऊन चुरा व्हायला लागतो, तेव्हा मागचं दार उघडं ठेवून खोळ काढून वाळत घालायचा विचार करू नका.

ज्यावर कुणीच बोलत नाही तो विषय म्हणजे ओल. माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरच्या आसपास पाणी सोडतो, दोघं असाल तर दुप्पट. त्यातलं बरंच खिडक्यांवर जमतं ते दिसतं, पण काही वाफ गादीतून खाली उतरते, आणि खाली काय असतं तर थंडगार प्लायवुड, कारण बेडखालच्या कप्प्यात ना ऊब ना हवा. तिथे वाफेचं पाणी होतं. सकाळी गादी वर करून हात फिरवा, तळ ओलसर लागेल. हे काही आठवडे चाललं की काळे ठिपके, आणि फोमच्या आत एकदा बुरशी शिरली की वरून पुसून काही होत नाही, तो तुकडा टाकूनच द्यावा लागतो. कितीही चांगल्या डेन्सिटीचा असला तरी. म्हणून माझ्या मते गादीच्या बजेटमधला एक हिस्सा गादीखालच्या हवेसाठी बाजूला काढा. लाकडी पट्ट्यांचा बेड असेल तर उत्तम, फक्त दोन पट्ट्यांमधलं अंतर सात सेंमीच्या वर जाऊ देऊ नका नाहीतर फोम फटीत उतरायला लागतो. प्लायवुडच असेल तर भोकं पाडा, पण खाली सामान ठासून भरलं असेल तर नुसत्या भोकांनी काही होत नाही, हवा फिरायला जागाच नाही. आम्ही वर जाळीदार मॅट टाकली, त्या ताठ धाग्यांच्या गुंत्यासारख्या मॅट येतात ना दीडदोन सेंमी जाडीच्या, बोटीतल्या गाद्यांखाली पण तीच वापरतात. तेव्हापासून तळ कोरडा. काही जण खाली चंदेरी पातळ शीट अंथरतात थंडी लागू नये म्हणून, तसं करू नका, वाफ तिथे अडकते आणि पाणी थेट फोमच्या पोटाला लागतं. आणि सकाळी उठल्या उठल्या पांघरूण नीट घालून बेड आवरायची सवय असेल तर ती घरी ठेवून या, तासभर सगळं उघडं राहू द्या.

घडीची गादी घ्यायची असेल, म्हणजे दिवसा सोफा रात्री बेड असं काही, तर जोड कुठे येतो ते बघा. १९० सेंमीच्या गादीचे दोन सारखे भाग केले तर जोड ९५ वर, म्हणजे बरोबर कंबरेखाली, सगळ्यात जास्त वजन जिथे येतं तिथे. तीन भाग केले तर जोड ६३ आणि १२७ वर येतात, एक पाठीखाली आणि एक मांड्यांच्या खालच्या बाजूला, आणि खुबा मधल्या अखंड तुकड्यावर. तीनच भाग करा. वर पातळ टॉपर टाकला की जोड विसरूनच जाल.

मापाचं थोडक्यात. व्हॅनची भिंत कुठेच सरळ नसते, वर जाताना आत झुकते, खांब मध्ये येतात, तेव्हा टेपने मोजून नंबर सांगू नका, पुठ्ठ्याचा साचा कापून तोच द्या. आणि चारी बाजूंनी दीड सेंमी कमी ठेवा, नाहीतर चादर खोचायला बोटं जाणार नाहीत. घरी कापत असाल तर स्वयंपाकघरातली लांब दातेरी ब्रेडची सुरी चालते, एका फटक्यात नाही, हळूहळू लांब हात मारत.

नवीन फोमला वास येतोच. व्हॅनमधली हवा एखाद्या बेडरूमच्या साधारण तिसरा हिस्सा, आणि त्यात नाक गादीपासून चार बोटांवर, त्यामुळे आत टाकायच्या आधी काही दिवस मोकळ्या हवेत सावलीत ठेवा. सर्टीपूर-युएस किंवा ओको-टेक्स स्टँडर्ड १०० चा, म्हणजे घातक रसायनांसाठी तपासणी झाल्याचा शिक्का असेल तर बघून घ्या.

आता ते पाऊण मार्क. अर्धा गेला टॉपरसाठी, तो घसरतो. वळणावळणाच्या रस्त्यावर दिवसभर गाडी चालली की संध्याकाळी तो पायाकडे चारपाच सेंमी सरकलेला असतो आणि खोळ गुळगुळीत असल्याने ढकलून बसवला तरी दुसऱ्या दिवशी परत तेच. खालच्या खोळीच्या वरच्या बाजूला खरखरीत कापड असतं तर हे झालं नसतं, आता वेल्क्रोच्या पट्ट्या शिवून घेतेय. उरलेला पाव मार्क कडेचा. मागच्या दाराकडची कड, जिथे आम्ही दोघं बसतो, तिथे फोम किंचित खाली गेलाय. खड्डा नाही, पण हात फिरवला की कळतं. आता पुन्हा ऑर्डर द्यायची असती तर तेवढी दहा सेंमीची पट्टी जास्त कडक फोमची चिकटवून मागितली असती, बहुतेक कापणारे ते करून देतात.

खोळ धुता येते, ३० अंशाला, आटत नाही. चेन तीन बाजूंनी आहे म्हणून एकट्याने काढता घालता येते, एका बाजूची असेल तर घेऊ नका, ५ सेंमीचं लेटेक्स त्यात परत कोंबणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.