पत्र्याखालचं बबल फॉइल: माल चांगला, बसवणाऱ्याकडे लक्ष ठेवा

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ अंशांच्या वर गेला की पत्र्याचं घर नुसतं भट्टी होतं. तिथे बबल फॉइल, म्हणजे हवेचे फुगे असलेलं, उष्णता अडवणारं चकचकीत ॲल्युमिनियमचं अस्तर, नक्की उपयोगी. पण बरेच मिस्त्री ते पत्र्याला चिकटवून टाकतात आणि निम्मा फायदा तिथेच जातो. पत्र्याची उष्णता थेट फॉइलमध्ये उतरू नये म्हणून दोन्हींमध्ये किमान एक इंच मोकळी हवा लागते. पत्र्याच्या लोखंडी अँगलच्या खालून दर फूट-दीड फुटावर एक जीआय (जस्त चढवलेली) तार ओढा, त्यावर फॉइल टाका, जोड दोन इंच एकावर एक घ्या आणि ॲल्युमिनियम टेप मारा. चकाकी एकाच बाजूला असेल तर ती खाली. वरच्या अंगावर धूळ साचून ती निकामी होते.

जोडीला टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे छपरावर वाऱ्याने फिरणारा गोल पंखा घ्या, वीज लागत नाही. मात्र खाली जाळीची खिडकी नसेल तर तो फिरताना दिसेल, गरम हवा काढणार नाही! सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यांत कापसाचे तंतू बेअरिंगमध्ये अडकतात, साफसफाई हवीच. व्हेंटिलेटरच्या बुडाची फट पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरून घ्या. नुसतं डांबर उन्हात तडकतं आणि मृगात गळती सुरू.

फॉइलमध्ये प्लास्टिक असतं. चुलीच्या धुराड्याजवळ लावू नका. स्लॅबच्या घराला हे घेऊ नका, तिथे गच्चीवर पांढरा कूल रूफ रंग बरा.