क्लिनिकल की समुपदेशन? मूल लहान असताना निवड करताना

मानसशास्त्रात पुढे शिकायचं ठरलं की ‘दोनच वर्षांचा कोर्स आहे, कसंही निभावून नेऊ,’ असा हिशोब बहुतेक घरांत होतो. वर्षं मोजण्याआधी तास मोजा. प्रशिक्षण आणि त्यानंतरचं काम दिवसातले नेमके कोणते तास घेणार, यावरच सगळं अडतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, व्हायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी लागते आणि त्यासाठीचं प्रशिक्षण पूर्णवेळ असतं. सकाळी ओपीडी, मग वॉर्ड, चाचण्या, केस सादरीकरण. रिपोर्ट लिहायचे ते मूल झोपल्यावर. हजेरी कमी पडली तर परीक्षा हुकते, त्यामुळे ताप-गोवराच्या दिवसांसाठी घरात दुसरा माणूस आधीच ठरलेला हवा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) या प्रशिक्षणासाठीच्या क्लिनिकलच्या एम.फिल.ची मान्यता २०२५-२६ पर्यंतच वाढवली होती. म्हणून फी भरण्याआधी कोर्सचं नेमकं नाव आणि त्या वर्षाची आरसीआय मंजुरी लेखी मागा. एक मात्र आहे: नंतर रुग्णालयात नोकरी मिळाली तर काम बहुतांशी दिवसाचं असतं.

समुपदेशनाचं एम.ए. त्यामानाने सोपं जातं. दूरशिक्षणातून ते करण्याचा विचार असेल तर तो सोडा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. म्हणजे मुंबईत असाल तर कलिना किंवा चर्चगेटच्या विद्यापीठात रोज जाणं आलंच.

खरी ओढाताण पदवीनंतर सुरू होते. नोकरदार क्लायंट सहानंतरच येतात. ५० मिनिटांचं सेशन, १० मिनिटं नोंदी, अशी चार सेशन्स धरली की दहा वाजतात. पाळणाघर तोवर कधीच बंद झालेलं असतं आणि मुलाचा अभ्यास, जेवण, झोप सगळं याच वेळेत येतं. घरून ऑनलाइन सेशन घ्यायचं म्हटलं तर वन-बीएचकेमध्ये बाहेर कुकरची शिट्टी झाली की समोरची व्यक्ती बोलता बोलता थांबते. आपलं कुणी ऐकतंय का, ही शंका एकदा आली की ते सेशन सावरणं कठीण. त्यापेक्षा तासावर मिळणारी केबिन भाड्याने घ्या आणि आठवड्यातल्या दोनच संध्याकाळी द्या.

आजी-आजोबा जवळ असतील किंवा जोडीदाराची ड्यूटी ठरावीक असेल तर आम्ही क्लिनिकलच सुचवू. दोन वर्षं जड जातात, पण पुढच्या संध्याकाळी मोकळ्या राहतात. तसा आधार नसेल तर समुपदेशन करून शाळेतली नोकरी बघा. पगार कमी असतो, पण सुट्ट्या मुलाच्या सुट्ट्यांशी जुळतात.