व्हे घ्यावं की कोलॅजन?

चाळिशी आली की गुडघे कुरकुरायला लागतात, मग मोबाईलवर कोलॅजनच्या जाहिराती सुरू होतात आणि इकडे जिमवाला व्हेचा डबा घ्या म्हणून मागे लागलेला असतो. दोन्ही डब्यांवर प्रोटीनच लिहिलंय, मग घ्यायचं कुठलं?

शरीरातलं कुठलंही प्रोटीन म्हणजे 20 प्रकारच्या अमिनो ॲसिडची साखळी, त्यातली 9 आपल्याला बनवता येत नाहीत, पोटातूनच जायला हवीत. व्हे म्हणजे चीज करताना उरलेल्या पाण्यातलं प्रोटीन, त्यात नऊच्या नऊ आहेत, शिवाय त्यातलंच एक ल्युसिन साधारण 10 टक्के, आणि स्नायू बांधायला घ्या हा निरोप पेशींना देणारं हेच. कोलॅजनमध्ये ल्युसिन जेमतेम 3 टक्के, नवातलंच ट्रिप्टोफॅन तर शून्य.

म्हणजे कोलॅजन फालतू का, तर अजिबात नाही. तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या, प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन, कारण आतल्या अरुंद जागेत तेवढंच छोटं अमिनो ॲसिड मावतं. या घट्ट गुंफणीमुळेच हाडं, कातडी, स्नायुबंध ताण सोसतात. शरीरातल्या एकूण प्रोटीनपैकी जवळपास 30 टक्के हेच.

पण खाल्लेलं कोलॅजन थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही ना! पोटातलं ॲसिड गुंफण सोडवतं, मग पेप्सिन, ट्रिप्सिन ही पाचक एन्झाइम साखळीचे तुकडे पाडतात. काही छोटे तुकडे तसेच रक्तात पोचतात हे खरंय, त्वचेला आणि सांध्यांना थोडा फायदा दाखवणारे अभ्यासही आहेत, पण त्यातले बरेच कंपन्यांच्याच पैशातून झालेत, त्यामुळे मी तरी हात राखूनच विश्वास ठेवतो. आणि स्वतःचं कोलॅजन नीट गुंफायला व्हिटॅमिन सी लागतं, ते नसलं की स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येतं, तेव्हा महागड्या डब्याआधी पेरू-आवळा खा की.

शाकाहारी असाल तर प्रश्न आणखी सोपा. कोलॅजन गाय, डुक्कर, मासे अशा प्राण्यांपासूनच येतं, व्हेगन कोलॅजन म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा कोलॅजनच नसतं. दूध पचत नसेल तर व्हे आयसोलेट म्हणजे जास्त गाळून शुद्ध केलेलं व्हे बघा, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर फार कमी.

माझं मत विचाराल तर एकच डबा परवडत असेल तर व्हे, कारण हिमोग्लोबिन, अँटिबॉडी, एन्झाइम सगळ्यांना पूर्ण माल लागतो. कोलॅजन हौस म्हणून, वरून. पण आधी ताटातला हिशोब करा, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मते वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे 60 किलोला सुमारे 50 ग्रॅम. दोन अंडी 12 ग्रॅम, 50 ग्रॅम कोरडे सोया चंक्स 25 ग्रॅम, वरण-भातात तर डाळीतलं लायसिन नि तांदळातलं मेथिओनिन ही अमिनो ॲसिड एकमेकांची उणीव भरून काढतात. एवढं होत असेल तर डबा नसला तरी चालतंय. आणि किडनीचा त्रास असेल तर दोन्ही डबे डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडूच नका.