कॉलनीचा जुना हॉल: पाडून नवा बांधायचा की आहे तोच सुधारायचा?

आर्किटेक्टला फोन करण्याआधी हॉलच्या दाराशी एक वही टांगा. आठवडाभर कोण येतं, किती वाजता, किती जण, एवढंच लिहायचं. नाशकातल्या कॉलन्यांत पान साधारण असं भरतं: पहाटे योगासनं, सकाळी ज्येष्ठ नागरिक, दुपारी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं, संध्याकाळी कॅरम आणि टेबल टेनिस, रात्री भजन. भर दुपारी शंभर माणसं एकत्र बसलीत असा प्रसंग महिन्यातून एखादाच. म्हणजे उन्हाच्या वेळी गारवा हवा आहे तो वीस मुलांच्या एका खोलीला. दोन्ही प्रस्ताव या वहीशी ताडून पाहा.

पहिला प्रस्ताव बहुतेक मंडळांच्या मनात आधीच पक्का असतो: ओपन स्पेसवरचा, म्हणजे कॉलनीसाठी राखलेल्या मोकळ्या जागेवरचा, पत्र्याचा हॉल पाडायचा, त्या जागी दुमजली इमारत, रस्त्याकडे काच, आत एसी. दुसरा प्रस्ताव ऐकायला फिका वाटतो: खांब आणि भिंती ठेवायच्या, छत बदलायचं, पश्चिमेला पडवी काढायची, एक खोली नीट बंदिस्त करून फक्त तिला एसी लावायचा.

विजेपासून सुरुवात करू. दोन हजार चौरस फुटांचा हॉल गर्दीत गार ठेवायला पंधरा टनांच्या आसपास एसी लागतो (टन हे एसीच्या गारव्याचं माप). टनाला साधारण एक किलोवॅट धरा, सहा तासांचे ९० युनिट झाले. छतावर ५ किलोवॅटचे सोलर पॅनेल बसवले तरी ते चांगल्या उन्हात दिवसाला २० युनिटच्या आसपास देतात. शिवाय तो एसी महिन्यातून दोनदा चालला तरी वाढीव मंजूर भाराचा, म्हणजे जोडणीला मंजूर झालेल्या जादा किलोवॅटचा, स्थिर आकार दर महिन्याच्या बिलात येतोच. याउलट वीस बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, पंखे प्रत्येकी ३० वॅटचे, दिवसाला दहा तास चालले तर ६ युनिट. त्यात दीड टनाचा एक एसी दुपारचे पाच तास अभ्यासिकेत चालला तरी तेच ५ किलोवॅट पुरून उरतात. आधी गरज कमी करायची, मग पॅनेल मोजायचे. हा क्रम उलटा झाला की ‘हरित इमारत’ ही पाटी तेवढी उरते.

आता छत, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. नाशिकचा उन्हाळा दिवसा चाळिशी गाठतो, पण रात्री हवा उतरते. जुन्या नाशकातल्या वाड्यांनी हेच ओळखलं होतं: जाड भिंती, मधे चौक, रात्री दारं-खिडक्या उघड्या. उघडा आरसीसी स्लॅब दुपारी तापतो आणि नेमका संध्याकाळी, मुलं खेळायला आली की, आत उष्णता सोडत बसतो. पत्रा लगेच तापतो आणि लगेच निवतो, त्यामुळे रात्रीचं भजन त्याखाली सुखाचं, पण दुपारी बसवत नाही आणि श्रावणात सर आली की पेटीचा सूरही ऐकू येत नाही. म्हणून सुधारणेत पत्र्याखाली हवा खेळेल अशी पोकळी सोडून उष्णतारोधक थर आणि आतलं छत, पत्र्यावर पांढरा रंग, माथ्याला गरम हवा जायला झरोके. नवा स्लॅबच टाकणार असाल तर कोब्यावर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर, करा. दोन्ही प्रस्तावांत मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला हव्यात. दक्षिणेचं ऊन सज्जा अडवतो. पश्चिमेचं तिरकं ऊन सज्ज्याला दाद देत नाही, तिथे पडवी किंवा झाडच हवं. प्रस्तावातला रस्ता पश्चिमेला असेल तर ती काचेची भिंत म्हणजे एप्रिलमध्ये भट्टी.

परवानगीचं गणित फार कमी मंडळं बघतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनुसार अशा खुल्या जागेवर एकूण १५ टक्क्यांपर्यंतच बांधकाम चालतं, त्यातलं तळमजल्यावर १० टक्के. हॉल पाडला की नवा नकाशा आजच्या नियमांवर तपासला जाईल, आणि आहे त्यापेक्षा छोटा हॉल पदरात पडू शकतो. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या झाडांचे जतन अधिनियमाखाली वेगळी परवानगी लागते. माझं मत विचाराल तर पश्चिमेच्या कडुलिंबाला हात लावणारा नकाशा तिथेच परत पाठवा.

पावसाचं पाणी साठवण्यात मात्र नव्या इमारतीला फारसं कमी लेखता येत नाही, टाकी आधीपासून आखता येते. हिशोब सोपा आहे: २०० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २०,००० लिटर, गळती धरून १६,००० तरी हाती लागतात. पण पन्हळ आणि गाळणी जुन्या हॉललाही बसते. आपल्याकडे खाली काळा पाषाण, कुठेही खड्डा खणला म्हणून पाणी मुरत नाही. ते गाळून बोअरच्या शेजारच्या शोषखड्ड्यात सोडा, निदान स्वच्छतागृहाच्या टाकीत तरी.

पाडायचंच असेल अशीही वेळ येते, ती नाकारू नका. खांबांच्या सळ्या गंजून काँक्रीट फुगलं असेल, किंवा रस्त्यावर थरावर थर चढून जोतं खाली गेलं असेल आणि दर पावसाळ्यात पाणी आत येत असेल, तर रंगरंगोटीवर पैसा घालू नका. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करून घ्या, त्याचा खर्च दोन्ही प्रस्तावांच्या तुलनेत किरकोळ आहे. ऑडिटने खांब बाद ठरवले तर नवं बांधा, पण एकमजली, मधे छोटा चौक ठेवून, एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा आणि पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सिमेंट वापरून. जुन्या हॉलच्या धड विटा आणि शहाबादी फरश्या मलब्यात जाऊ देऊ नका, पडवीला आणि कट्ट्याला त्या उत्तम लागतात. जिना टाळलात तर गुडघेदुखीचे आजोबाही आतल्या कॅरमपर्यंत पोहोचतील, बाहेरच्या बाकावर अडकणार नाहीत.

खांब शाबूत निघाले तर मी दुसऱ्या प्रस्तावाला हात वर करेन, आणि काम दोन टप्प्यांत करायला सांगेन. छत आणि पडवी होळीच्या आत. मग एक उन्हाळा तसाच काढा, वही दाराशी तशीच टांगलेली ठेवा. एसी किती टनांचा आणि पॅनेल किती, ते मे महिन्याची पानं वाचून ठरवा.